पुड्यावरचा कर

विक्रीकर खात्यात मी एकतीस वर्षे नोकरी केली. कारकून म्हणून लागलो, निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. या काळात कुणाकडून चहा घेतला नाही आणि कुणाला सवलतही दिली नाही. मोठेपणा म्हणून हे लिहीत नाही. पुढे जे घडले ते अशाच माणसाच्या हातून घडू शकते, म्हणून लिहितो.

निवृत्तीनंतर बीडची भाड्याची खोली सोडली आणि नेकनूरच्या पलीकडच्या आमच्या गावी येऊन राहिलो. घरात चार माणसे. मुलगा पुण्याच्या ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर आहे. चार दिवसांतून एकदा घरी येतो, झोपतो, जातो. सून शेत आणि गोठा बघते. नात पाच वर्षांची. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. दावणीला एक म्हैस आहे, तीही पत्नीनेच निवडून आणलेली.

किराणा, वीज आणि माझी औषधे पेन्शनमधून होतात. दुधाचे पैसे आणि मजुरी सुनेच्या हातात. ही वाटणी पत्नीने लावून दिली होती. ती गेल्यावर मी ती तशीच ठेवली. सुनेने त्यापलीकडे माझ्याकडे कधी काही मागितले नाही. मीही कधी विचारले नाही.

पत्नीचे आणखी दोन नियम घरात चालू होते. पहिला, सकाळची धार काढली की किटली डेअरीच्या केंद्रावर जाण्याआधी एक लहान तांब्या बाजूला निघे. साधारण पाव लिटर. ते नातीचे दूध. दुसरा, अमावस्येला दूध विकायचे नाही. आमच्या गावात बरीच घरे अजून हे पाळतात. त्या दिवशी केंद्रावर चार-दोन किटल्या येतात, बाकीचे दूध घरी राहते, खीर होते, शेजारी जाते. यामागे शास्त्र काय, हे मला ठाऊक नाही. पत्नीला विचारले होते. ती म्हणाली होती की महिन्यातून एक दिवस तरी म्हशीचे दूध माणसांनी प्यावे.

मी सकाळी ओसरीवर वर्तमानपत्र वाचतो. वाचताना आवाज सहन होत नाही. ही सवय कचेरीतली. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत सून आठ वाजता बायांबरोबर दुसऱ्याच्या रानात निघे. अंगणवाडी दहाला उघडे. मधले दोन तास नात माझ्यापाशी असे. म्हणजे ओसरीच्या पायरीवर बसलेली असे. तिच्या हातात पुडा असे, तिखट नळ्यांचा नाहीतर गोड बिस्किटांचा. पाच रुपयांचा. दुपारी आई परतण्याच्या वेळी दुसरा. पुडा संपला की ती बोटे चाटी आणि तिथेच काडीने रेघा ओढत बसे. आवाज नसे.

दिवाळी झाल्यावर अंगणवाडीच्या ताईंनी मला बोलावून घेतले. त्या आमच्याच गावच्या. त्यांनी नातीला काट्यावर उभे केले, आकडा लिहिला आणि तक्ता माझ्यासमोर धरला. तक्त्यावर हिरवा पट्टा होता, त्याखाली पिवळा. नातीचा ठिपका पिवळ्यात होता, खालच्या बाजूला.

त्या म्हणाल्या, "आबा, आजून घसरली तर मला वर कळवावं लागंल. मग तालुक्याच्या दवाखान्यात ठेवावं लागतंय लेकराला. आईला बी संग ऱ्हावं लागतंय. तुमच्या घरचं कसं निघंल मग?"

नात काय खाते, असे त्यांनी विचारले. मला नीट सांगता येईना. नातीनेच सांगितले. पुडा, म्हणाली.

मी तेथून थेट गावातल्या किराणा दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा. मी नोकरीत असताना त्याने बीडच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडून माझ्याविषयी जे ऐकले, ते अजून सांभाळून ठेवले आहे. मला पाहून तो उठून उभा राहिला.

"या साहेब. धाड हाय का? कागद न्हाईत बघा माज्याकडं. निसती आठवण हाय, ती तपासा."

दोन माणसे हसली. मी पुड्यांच्या माळांकडे पाहिले. दारापासून आतपर्यंत छताला टांगलेल्या. दुकानात येणाऱ्या मुलाचे डोळे जिथे जातील, बरोबर तिथे. मी विचारले, या मालावर सरकारने कर लावले, वाढवले, उतरवले. विक्रीत फरक पडला का?

तो म्हणाला, थंड बाटलीवर टॅक्स चढला असे ऐकले. बाटली बारकी झाली. बारक्या पोराला बारकी बाटली बरीच वाटते. मग त्याने नळ्यांचा एक पुडा तोडून माझ्या तळहातावर ठेवला.

"माज्या लेकीच्या लग्नात ह्यो पाचाला हुता. आता तिची लेक खाती. आजून पाचालाच हाय. टॅक्स चढू द्या न्हाईतर उतरू द्या साहेब, पोरं पुड्यावरचं लिवलेलं वाचीत न्हाईत. पाचाचा डॉलर वळखत्यात."

पाचाच्या नाण्याला आमच्याकडे डॉलर म्हणतात. मी पुडा दाबून पाहिला. वजनाला काहीच नव्हता. फुगलेला मात्र पुष्कळ होता. माझ्या लक्षात आले की कराचा सगळा भार आतल्या हवेने उचलला आहे. ज्याला तो जाणवावा त्याला तो जाणवतच नाही. दिल्लीत बसलेल्या माणसाने काही केले आणि पायरीवर बसलेल्या मुलीच्या हातात पुडा तसाच राहिला.

ही उणीव भरून काढणे मला सोपे वाटले. एकतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो होतो. कर भरणाऱ्याला टोचला पाहिजे. किमतीत विरघळवलेला कर टोचत नाही. तो वेगळा काढून, हाताने मोजून भरावा लागला, की माणूस खरेदीपूर्वी थांबतो.

दुसऱ्या दिवशी मुलगा घरी होता. सून रानात निघण्याआधी मी दोघांना ओसरीवर बसवले आणि नियम सांगितला. आजपासून घरात येणाऱ्या प्रत्येक पुड्यावर त्याच्या किमतीइतका कर. पैसे देवळीतल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. ज्याने पुडा आणला त्यानेच, स्वतःच्या हातातून. महिनाअखेर त्या पैशांतून पोरीसाठी पौष्टिक काही आणले जाईल. एक पैसाही दुसरीकडे जाणार नाही.

मुलगा हसला. पावती मिळणार का, असे त्याने विचारले. सून हसली नाही.

"दोन पुड्याचे रोज दहा, मामा?"

मी म्हणालो, "आणलेच नाहीस तर काहीच नाही."

तिने आणखी काही बोलायला तोंड उघडले. मग बाहेरून बायांनी हाक मारली. ती टोपली घेऊन गेली.

पंधरा दिवसांत खरेदी निम्म्यावर येईल, असा माझा अंदाज होता. तसे झाले नाही. रोज सकाळी डब्यात नाणे वाजे, दुपारी पुन्हा वाजे. एक दिवसही चुकला नाही. पायरीवर पुडा तसाच फुटत राहिला. मी याला सुनेचा हट्ट समजलो. कर न जुमानणारे व्यापारी मी पाहिले होते. तेही एक दिवस वाकतात. वाट पाहायची असते.

महिना भरला तेव्हा मी डबा उघडला आणि रविवारी बसने नेकनूरच्या बाजाराला गेलो. शेंगदाणे आणि गूळ घ्यायचे ठरवून निघालो होतो. औषधांच्या दुकानापुढे थांबलो. तिथे काचेमागे पावडरीचा मोठा डबा होता, त्यावर एका गुटगुटीत मुलाचे चित्र. दुकानदाराने सांगितले की यात सगळे आहे. वजन, उंची, बुद्धी. मला ते पटले. शेंगदाणे कोणीही आणतो. कराच्या पैशांतून आणलेली वस्तू जरा वरच्या दर्जाची असावी, असेही मनात आले असेल. मी डबा घेतला.

त्या महिन्यात नातीचे वजन वाढले नाही. ताई म्हणाल्या, घटले नाही हे काय कमी आहे. पावडर आता सुरू झाली आहे, असे मी त्यांना सांगितले. पुढच्या वेळी आकडा बघा, असेही सांगितले.

एकदा सकाळी मी पाणी प्यायला आत गेलो. नात पेल्यातून पावडर पीत होती. पेल्यातले पेय पातळ, गढूळ दिसले. मी सुनेला विचारले की दुधात का कालवले नाही. ती चुलीपुढे पाठमोरी होती.

"पाण्यात बी हुतं, मामा."

मी ओसरीवर परत गेलो. पान उलटले. एखाद्या व्यापाऱ्याने असे उत्तर दिले असते तर मी त्याचे कपाट उघडायला लावले असते.

दुसऱ्या महिन्याचे वजन पौषात झाले. थंडी होती. नातीला स्वेटर काढून काट्यावर उभे केले. ताईंनी आकडा पाहिला, तिला उतरवले, काटा पुसला आणि पुन्हा उभे केले. अर्धा किलो कमी. ठिपका पिवळ्या पट्ट्याच्या अगदी खालच्या कडेवर जाऊन बसला.

ताईंनी नातीच्या दंडाला पट्टी लावून मोजले, तेही लिहिले. मग म्हणाल्या की हा एक महिना त्या थांबतील. पुढच्या वजनाला आकडा वर आला नाही तर चिठ्ठी लिहावीच लागेल.

त्या दुपारी मी सुनेवर करचुकवेगिरीचा संशय घेतला. दुसरे कारणच मला दिसत नव्हते. डब्यात रोज दहा रुपये येतात, म्हणजे दोन पुड्यांचे. वजन घटते, म्हणजे पुडे दोनापेक्षा जास्त असणार. ती रानात असताना मी गोठा तपासला. कडब्याच्या पेंढ्यांत हात घातले. चुलीमागची राख काठीने उपसली, सरपणाची मोळी सोडली, तिची ट्रंकही उघडली. ट्रंकेत दोन साड्या होत्या, पत्नीची एक जुनी चोळी होती, नातीच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्रॉक होता. पुड्यांचे रिकामे कागद मला एकाच ठिकाणी सापडले, उकिरड्यावर. मी ते काठीने वेगळे केले. दिवसाला दोन या हिशोबाने ते बरोबर होते. एकही पुडा चुकवलेला नव्हता.

नोकरीत इतका प्रामाणिक करदाता मला भेटला नाही. त्या दिवशी मी तसे म्हणालो नाही. ट्रंक बंद केली. ती परत आली तेव्हा तिच्या लक्षात आले असावे. साड्यांची घडी मला जमली नव्हती. तिने नाणे डब्यात टाकले.

चार दिवसांनी तिच्या माहेराहून, लिंबागणेशकडून, निरोप आला. आईला बरे नव्हते. ती संध्याकाळच्या बसने गेली; दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येते म्हणाली. नातीला सर्दी होती म्हणून तिला घरी ठेवले. मुलगा पुण्याच्या वाटेवर होता.

सकाळी म्हशीची धार मी काढली. माझा जन्म गुराख्याच्या घरातला. कचेरीत एकतीस वर्षे गेली तरी बोटे विसरली नव्हती. नात शेजारी उकिडवी बसून बघत होती. धार संपल्यावर मी पत्नीच्या रिवाजाप्रमाणे तांब्या शोधला. तो फडताळात पालथा ठेवलेला होता. आत धूळ होती. मी तो धुतला, भरला, दूध तापवले आणि पेला नातीच्या हातात दिला.

तिने पेल्यात पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

"आबा, आज अमावस्या हाय का?"

मी म्हणालो, नाही. आज अमावस्या नाही. तिने पेला खाली ठेवला आणि विचारले की मग पिऊ का. पी म्हटल्यावर तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि श्वास न घेता संपवला. मग तळाशी राहिलेली साय बोटाने काढून खाल्ली, जशी ती पुड्यातली मसाल्याची भुकटी खाते तशी.

मला एवढ्यावरूनच कळायला हवे होते. बहुधा कळले होते. पण खात्री केल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, ही सवय. मी किटली घेऊन केंद्रावर गेलो. माप घेणाऱ्याने दूध मोजले आणि तो चकित झाला.

"आज कमी कसं काय आलं, आबा? सूनबाई दोन म्हैने झालं पाव लिटर वरचंच घालत्यात. मी म्हनलं म्हैस चांगली लागली."

म्हैस चांगली लागली होती, असे मी त्याला सांगितले. रिकामी किटली घेऊन परत आलो.

सून दुपारच्या बसने आली. मी ओसरीवर बसून होतो. तिने पिशवी ठेवली, पाय धुतले, नातीच्या कपाळाला हात लावून पाहिला. मी तिला बसायला सांगितले. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आमच्या घरात सुना सासऱ्यापुढे बसत नाहीत. तो नियमही कुणीतरी कधीतरी घातलेला.

मी विचारले, तांब्याचे दूध कधीपासून केंद्रावर जाते?

"तुमी डबा ठिवला त्या दिवसापासून."

मी म्हणालो, पुडा बंद करायचा होता. दूध नव्हे.

ती जे बोलली ते एका सुरात, नजर खाली ठेवून बोलली. इतके ती माझ्याशी त्याआधी कधी बोलली नव्हती, त्यानंतरही नाही.

"पुडा बंद केलता मी, मामा. दिवाळीच्या आदी, एक दिवस. तुमाला याद नसंल. मी वेशीपातूर गेलते. पोरगी रडाय लागली, तिथवर ऐकू आलं. मागनं तुमचा आवाज आला. ह्या घरात माणसानं पेपर बी वाचू नाई का, म्हनलात. मी माघारी फिरले, दुकानातून पुडा घिऊन तिच्या हातात दिला, मग गेले. त्या दिवशी मुकादमानं अर्धाच रोज दिला." मग तिने पदर सारखा केला. "तुमी म्हनता पुडा पोरीसाठी. पोरीला मी भाकर दिली असती की. पुडा तुमच्यासाठी हाय."

नात पायरीवर होती. ती आमच्याकडे बघत होती.

मी विचारले, मग कराचे पैसे मजुरीतून का दिले नाहीस?

"मजुरी म्हशीच्या पेंडीला जाती. पेंड न्हाई घातली तर दूध न्हाई. दुधाचे पैशे घरात जात्यात. मग ऱ्हायला तांब्या."

"मला सांगायचे होतेस."

"तुमी नियम सांगितला, मामा. इचारलं न्हवतं."

ती आत गेली. चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला.

आमच्या खात्यात सर्वांत लहान दुकानदारालाही अपिलाचा हक्क होता. आकारणी चुकली असे वाटले तर तो वर अर्ज करू शके, आणि मी स्वतः असे अर्ज पुढे पाठवले आहेत. मी घरात जो कायदा केला त्यात ही तरतूद नव्हती. ज्याच्याकडून वसुली करायची त्याच्या हातात काय आहे, हेही मी आधी पाहिले नव्हते. नोकरीत ही पहिली पायरी असते. नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी शिकवतात.

संध्याकाळी मी देवळीतला डबा खाली काढला. दुसऱ्या महिन्याचे पैसे त्यात तसेच होते. मी तो सुनेपुढे ठेवला. तिने हात लावला नाही. पावडरीच्या डब्यावरची बारीक अक्षरे मी चष्मा लावून वाचली. घटकांच्या यादीत पहिले नाव साखरेचे होते. तोही पुडाच होता, मोठा आणि महाग. त्याच्यावरही मी सरकारला कर भरला होता.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचे दोन तास मी घेतले. सुनेला तसे सांगितले, इतकेच. भाकरी ती करून ठेवे. मी ती कोमट दुधात कुस्करून, गुळाचा खडा टाकून नातीपुढे ठेवी. पहिल्या दिवशी ती रडली. तिला पुडा हवा होता. चांगली तासभर रडली. मी वर्तमानपत्राची घडी केली आणि ती मांडीखाली ठेवली. रडणे ऐकले. शेजारची एक म्हातारी कुंपणावरून डोकावली आणि म्हणाली, "कावून रडवायलाव लेकराला, आबा? द्या की पाचाचं कायतरी." दिवाळीआधीचा तो दिवस आठवायचा मी प्रयत्न करत होतो. आठवला नाही. माझ्यासाठी तो दिवस घडलाच नव्हता.

चौथ्या दिवशी नातीने दोन घास खाल्ले. आठवड्याने वाटी अर्धी झाली. दुपारचा पुडा मी बंद केला नाही. तो तिच्या आईने आणला तर आणू दिला, आणि त्यावर काही आकारले नाही. काही दिवसांनी आईने तो आणणे आपणच कमी केले. का, ते मी विचारले नाही.

दूध पुढे ठेवले की नात अजून विचारते, आज अमावस्या हाय का. सुरुवातीला मी तिला तिथी समजावून सांगत असे. आता हो म्हणतो.

माघात वजन झाले. सून त्या दिवशी रानात गेली नाही. अंगणवाडीच्या दाराशी उभी राहिली, आत आली नाही. ताईंनी काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचला आणि तक्त्यावर ठिपका दिला. ठिपका वर सरकला होता. चिठ्ठीची गरज नाही, असे त्या म्हणाल्या. काय खाऊ घातले, हे विचारून त्यांनी लिहून घेतले. दूध-भाकर, गूळ.

मी तक्ता मागून घेतला आणि चष्मा लावला. दिवाळीनंतरचा ठिपका आणि आजचा ठिपका एकाच उंचीवर होते. मी कर बसवला त्या दिवशी ती जेवढी भरत होती, तेवढीच आज भरली. तिची उंची मात्र बोटभर वाढली होती. मधल्या तीन महिन्यांत तक्त्यावरची रेघ वर चढली नव्हती, पौषात तिला खड्डा पडला होता, आणि खाली सही पालकाची हवी होती.

ताईंनी दाराशी येऊन पेन सुनेपुढे धरले. सुनेने ते माझ्याकडे दिले. मी सही केली.